उभ्या गाडीतली परीक्षा

डीपी जळाल्याला आठवडा होऊन गेला होता आणि करंजवाडीतल्या माणसांनी लाईटची वाट बघणंही सोडून दिलं होतं. वादळात ओढ्याकडचं जांभळीचं झाड तारांवर पडलं, खांब आडवे झाले आणि डीपीतून एकच मोठा आवाज निघाला. वायरमन येऊन बघून गेला. "उघडीप मिळाल्याबिगर खांब न्हाई उभं राहायचं," म्हणाला. पलीकडच्या डोंगरावरचा टॉवरही बंद पडला होता. आंदर मावळातल्या त्या कोपऱ्यात मोबाईल नुसते खिशात वागवायचे राहिले होते.

त्यात आवणीचे, भातलावणीचे दिवस. तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढून शेंडे पिवळे पडायला लागले होते. सखाराम गुडघाभर चिखलात उभा राहून तरव्याच्या मुठी फेकत होता, तेव्हा त्याची सून रेणुका बांधावरून येताना दिसली. ती खिंडीतून आली होती, हे तिच्या चिखलानं लडबडलेल्या सलवारीवरूनच कळत होतं. खिंडीत उभं राहिलं तर खालच्या टॉवरची थोडी रेंज मिळायची.

एरवी तिला काही सांगायचं असलं की ती सासूला सांगायची आणि सरूबाई ते नवऱ्यापर्यंत पोचवायची. आज ती सरळ सखारामसमोर येऊन उभी राहिली. धाप लागलेली, कपाळावरून पाणी निथळतंय.

"आबा, एक विचारायचं होतं."

"बोल की."

"उद्या माझी परीक्षा आहे. कामाची. आत्ता मेसेज बघितला."

"कसलं काम?"

"मशिनच्या पार्टांची ड्रॉइंगं काढायची. पुण्याच्या एक मॅडम आहेत, त्यांचं ऑफिस आहे. पास झाले तर घरी बसून काम देणार. पण लॅपटॉपवर त्यांच्यासमोर काढून दाखवायचं. दोन तास. त्या तिकडून बघत बसणार."

सखारामनं हातातली मूठ तशीच धरली. सून लोणावळ्याची, आयटीआय केलेली. लग्नात तिनं भांड्यांबरोबर तो लॅपटॉप आणला होता, तेव्हा वाडीतली माणसं बघायला आली होती. आता त्याची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. वायर लावली की चालायचा, वायर काढली की मिटायचा. दुपारी सगळी निजली की रेणुका त्याच्यासमोर बसायची आणि तिचा हात त्या उंदरावरून, माउसवरून, सरसर फिरायचा.

"मग लाईट?" त्यानं विचारलं.

"तेच तर. लोणावळ्याला माझ्या अंबूआत्याकडं जाता येईल, तिथं लाईट आहे. पण वाटेत काही झालं तर हातात काहीतरी पाहिजे. विक्कीभावजींकडं ते यंत्र आहे ना, गाडीच्या बॅटरीवर लाईट करायचं? इन्व्हर्टर? लॅपटॉपला तेवढी लाईट पुरते, आबा. मी हिशेब केलाय."

विक्की सखारामच्या बहिणीचा मुलगा, तिकोणा पेठेचा. पवनेच्या काठाला तंबू लावून शहरातल्या लोकांना ठेवायचा. रात्री तंबूंवर दिव्यांच्या माळा लागायच्या, त्या त्याच्या गाडीच्या बॅटरीवर. पावसाळ्यामुळं आता सगळं बंद होतं.

"पण उद्या?" सखाराम म्हणाला आणि त्यानं शेजारच्या खाचराकडं बघितलं.

उद्या सावड अंबाजीची होती. आज सगळी वाडी सखारामच्या खाचरात राबत होती, उद्या सगळ्यांनी अंबाजीच्या खाचरात जायचं होतं. शिवाय पलीकडच्या वस्तीवरून आवणीच्या बाया सखारामच्या जीपमधून आणायच्या, असंही ठरलेलं.

अंबाजी चार हात अंतरावरच वाकलेला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो कंबरेवर हात ठेवून ताठ झाला.

"काय रं सखाराम, सावड मोडतो का काय?"

"मोडत न्हाई. घरातनं एक माणूस कमी यील येवढंच. अन् गाडी..."

"गाडीच तर पायजे मला! माज्या तरव्याची काय गत झालीया बघतोस ना? अन् तू सुनंला गाडीत घालून लोणावळ्याला फिरवायला निगालास? तिच्या त्या खेळासाटी?"

बांधावरच्या बाया फिसकन हसल्या. सखारामचं तोंड कडू झालं. अंबाजीबरोबर एका बाकावर शिकलेला, त्याच्याच बैलांनी कित्येक वर्षं चिखलणी केलेली. त्याला उलट न बोलता सखाराम परत मुठी फेकायला लागला. रेणुका मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं चिखल कोरत राहिली.

तेवढ्यात सरूबाई दोन्ही हातांतला तरवा टाकून उभी राहिली. बुटकीशी बाई, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेली.

"अंबाजीभाऊ, बाया मी आणते. उजाडायच्या आत चालत जाते अन् घिऊन येते. माज्या वाटचं बी लावीन आन् ह्यांच्या वाटचं बी लावीन. सांजच्याला मोजून घ्या ओळी. पर ती जाणार."

अंबाजी तोंड फिरवून थुंकला आणि परत वाकला. सखाराम बायकोकडं बघतच राहिला. कालपर्यंत हीच बाई सुनेच्या लॅपटॉपला 'ती पाटी' म्हणत होती.

दुपारीच जीप काढून तो तिकोणा पेठेला गेला. विक्कीनं यंत्र हातात ठेवलं, विटेएवढं, पत्र्याचं, एका बाजूला पंखा आणि एका बाजूला पिन लावायची भोकं. त्याला लांबलचक लाल-काळ्या वायरी आणि वायरींच्या टोकाला मगरीच्या तोंडासारखे चिमटे.

"मामा, लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. उलटं झालं तर गेलंच म्हणून समजा. आन् गाडी चालूच ठिवायची. बॅटरी उतराय लागली की ह्ये टीं टीं वरडतंय. वरडलं की ॲक्सिलेटर द्यायचा."

तिन्हीसांजेला अंगणात जीप उभी केली. बॉनेट उघडून रेणुकानंच चिमटे लावले. दुसरा चिमटा टेकवताना बारीकशी ठिणगी उडाली आणि सखाराम दचकून मागं सरला. वायरी दाराच्या फटीतून आत घेतल्या, इंजिन चालू केलं, लॅपटॉपची पिन बसवली, यंत्राचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पंखा भणभणला. आणि मागच्या सीटवर ठेवलेला लॅपटॉप उजळला, तसा रेणुकाचा चेहरा निळसर उजेडात एकदम दिसायला लागला.

"लागली गं बाई, लागली!" सरूबाई ओरडली.

त्या ओरडण्यानं अख्खी वाडी गोळा झाली. कुणी मोबाईल घेऊन आलं, कुणी नुसतंच बघायला. बयाबाई म्हातारी जीपच्या दारात वाकून, "यीष्टीतल्यावानी लाईट हाय की!" म्हणाली. रेणुकानं पडद्यावर एक चाक काढून दाखवलं, दाते असलेलं, आणि मग उंदीर हलवून ते गरागरा फिरवलं. पुढून, मागून, खालून.

"आरं, फिरतंय की त्ये!" सखाराम म्हणाला. त्याला हसूच आवरेना. काय एवढं हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक, पण पोटातून उकळ्या फुटत होत्या. आपल्या धूळखाऊ जीपमध्ये, आपल्या अंगणात, आपल्या सुनेनं लोखंडाचं चाक काचेत फिरवलं होतं.

सकाळी निघाली दोघं. रेणुका मागं, मांडीवर लॅपटॉपची बॅग, पायाशी यंत्र. पाऊस एकसारखा लागलेला. कान्हे फाट्याला हमरस्ता लागला आणि तिच्या मोबाईलला पूर्ण रेंज आली. तिनं लगेच चाकणला कंपनीत असलेल्या नवऱ्याला, सुहासला फोन लावला. "हो, आबाच नेतायत," एवढं ती म्हणाली, आणि पलीकडून सुहास काय बोलला कळलं नाही, पण ती खिडकीकडं तोंड करून हसली. सखारामनं आरशातून बघितलं आणि नजर रस्त्यावर आणली.

वेळ हातात भरपूर होता. कार्ल्याच्या पुढं मात्र गाड्याच गाड्या. शनिवार, धबधब्यांना निघालेलं पुणं. कुणी टपावर बसून नाचतंय, कुणी खिडकीतून कणसं खातंय. जीप इंचभर सरकायची आणि थांबायची.

"आबा, नाही पोचायचो."

"पोचू, पोचू."

"नाही पोचायचो. अर्धा तास पण राहिला नाही." तिनं मोबाईलवरची वेळ परत बघितली. मग ती एकदम पुढं वाकली. "आबा, गाडी बाजूला घ्या. कुठंही घ्या. गाडीतच देते परीक्षा. त्यासाठीच तर आणलंय ना हे?"

सखारामनं मान वळवून बघितलं. डावीकडं एक लहान रस्ता डोंगराकडं वळत होता. त्यानं जीप घातली. थोड्या अंतरावर एक मोठा बंगला, लोखंडी फाटक, आणि फाटकाला लागून कणीसवाल्याची बंद टपरी. तिच्यापुढं पत्र्याची शेड होती. जीपचं तोंड शेडमध्ये घालून त्यानं हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, बॉनेट उघडून चिमटे लावले. लाल प्लसला, काळा मायनसला. या वेळी ठिणगीला तो घाबरला नाही.

"झालं, आबा! चालू झालं! मोबाईलचं नेट पण जोडलं. आल्या मॅडम!"

पडद्याच्या कोपऱ्यात चष्मा घातलेली एक बाई दिसत होती. रेणुकानं ओढणी नीट केली. "नमस्कार मॅडम. आवाज येतोय का?"

"येतोय. पण मागे कसला आवाज आहे हा? मिक्सर चालू आहे का?"

"नाही मॅडम, गाडीचं इंजिन आहे. आमच्याकडं लाईट नाही. गाडीच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवतेय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "ठीक आहे," बाई म्हणाल्या. "ड्रॉइंग पाठवलंय. सुरू करा."

सखाराम पुढच्या सीटवर बसला. पहिल्यांदा सगळं सुरळीत चाललं. मग टीं टीं सुरू झालं. त्यानं ॲक्सिलेटर दाबला, आवाज थांबला. पाय हलका केला की टीं टीं. जुनी जीप, नुसत्या चालू इंजिनावर बॅटरी भरेना. शेवटी त्यानं चप्पल काढली, उघडा पाय ॲक्सिलेटरवर टेकवला आणि इंजिन एका सुरात लागेल इतकाच दाबून धरला. फार नाही, कमी नाही. नांगराच्या रुमण्यावर हात ठेवावा तसा.

काचा धुरकट झाल्या. आत कोंदट, ओल्या कपड्यांचा आणि डिझेलचा वास. पोटरीत गोळा येत होता, मांडी थरथरत होती. पण तो आरशातून बघत होता आणि पडद्यावर काहीतरी उभं राहत होतं. आधी नुसत्या रेघा, मग एक जाड चौकोन, मग त्याला भोकं, मग कडेला गोलाई. रेणुकाचे ओठ हलत होते, स्वतःशीच आकडे पुटपुटत होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर खाकी रेनकोट घातलेली एक बाई उभी होती, हातात काठी. बंगल्याची राखणदारीण.

"ओ मामा, गाडी काढा हितनं. मालक येणारेत."

सखारामनं काच थोडी खाली केली, तोंडावर बोट ठेवलं. "बाई, हळू बोला. परीक्षा चाललीया."

"कसली परीक्षा? गाडीत?"

"सुनंची. कामाची. थोडकी राहिलीया."

"त्ये मला सांगू नका. मालक आलं की माजी कटकट हुती. रोज कोन ना कोन हितं गाडी लावून दारू पीत बसतंय. काढा म्हणते ना!" तिनं काठी दारावर आपटली.

त्या दणक्यानं म्हणा किंवा इतका वेळ थरथरून म्हणा, बॉनेटखाली चिमटा निसटला. पंखा बंद पडला. हिरवा दिवा गेला. लॅपटॉप काळा झाला.

"आबा!"

रेणुकाचं ते ओरडणं सखारामच्या काळजात घुसलं. तो खोळ डोक्यावर ओढत, दार ढकलून पावसात धावला. बॉनेट उघडलं. लाल चिमटा सुटून लोंबत होता, प्लसच्या शिशाच्या गोळ्यावर हिरवट बुरशी साचली होती. त्यानं नखानं खरवडली, धोतराच्या सोग्यानं पुसली, चिमटा लावला. परत निसटला. दात झिजले होते, धरेचना. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी चिमटा गोळ्यावर दाबला आणि धरून ठेवला. आतून पंख्याची भणभण ऐकू आली.

"आली, आबा, आली लाईट! परत चालू करतेय! थोडं काम गेलंय, पण बाकीचं आहे!"

पण ॲक्सिलेटरवर आता पाय नव्हता. लगेच टीं टीं सुरू झालं. सखारामनं मान वळवली. राखणदारीण उघड्या दाराशी तशीच उभी होती, आत बघत. रेणुका रडत नव्हती. एका हातानं मोबाईल कानाला लावून "मॅडम, प्लीज, दोन मिनिटं, जोडतेय," म्हणत होती आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबत होती.

"बाई," सखाराम ओरडला, "तुमी बसा!"

"कुटं?"

"म्होरं! माज्या जागंवर! पाय ठिवा ॲक्सिलेटरवर!"

"अवो मला न्हाई येत गाडी! जन्मात न्हाई बसले मी तितं!"

"गाडी चालवायची न्हाई! गियरात न्हाई ती, जागची हलायची न्हाई. नुसता पाय दाबून धरायचा. उजवीकडला पाटा. दाबा!"

तिनं एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा रेणुकाकडं. मग काठी टपरीला टेकवून ठेवली, रेनकोट गोळा केला आणि चढून बसली. पाय ठेवला. इंजिन असं काही गरजलं की तीच किंचाळली.

"थोडं कमी! थोडं कमी! हां, आता त्येवढंच!"

"ह्येवढंच?"

"ह्येवढंच. हलू नका."

टीं टीं थांबलं. सखारामनं एका हातानं चिमटा दाबून ठेवत दुसऱ्या हातानं डोक्यावरची खोळ काढून बॅटरीवर धरली, कारण शेडच्या पत्र्यातून धार लागली होती. ती धार आता त्याच्या मानेवर पडत होती आणि पाठीतून खाली उतरत होती. हातभर अंतरावर इंजिनाचा पंखा फिरत होता. बोटं बधिर झाली. बाजूनं एक मोटार आली, तिच्यातल्या पोरांनी बॉनेटमध्ये डोकं घातलेला म्हातारा बघून शिट्टी मारली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याला आतून कसलं तरी उधाण आलं होतं. आतून रेणुकाचा आवाज तुटक तुटक ऐकू येत होता, मापं सांगणारा, ठाम होत चाललेला. मधूनच राखणदारीण विचारायची, "बरुबर हाय ना ओ मामा?" आणि तो म्हणायचा, "बरुबर हाय! धरून ऱ्हावा!"

"तुमचं नाव काय?" त्यानं एकदा विचारलं.

"रतनबाई. माजा पाय झोपला ओ!"

"माजा बी झोपलाता. ऱ्हावा जराशी!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आत बोलणं थांबलं. मग पुण्याच्या मॅडमचा आवाज आला, स्पष्ट.

"रेणुका, आता ते मॉडेल फिरवून दाखवा मला. खालची बाजू. हं. कोपऱ्याला ही फिलेट, ही गोलाई का दिली? ड्रॉइंगमध्ये तर नाही."

"मॅडम, तिथं कोपरा सरळ ठेवला तर कास्टिंगला, ओतीव पार्टाला तडा जाईल, असं वाटलं. नको असेल तर काढते."

"राहू दे." मग त्या म्हणाल्या, "मघाशी बंद पडलं तेव्हा मला वाटलं, गेलात तुम्ही. परत कसं चालू केलंत? दाखवता का जरा?"

रेणुकानं लॅपटॉप उचलून फिरवला. पडद्यात आधी रतनबाई आली, खाकी रेनकोटात, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसलेली, जशी काही घाटातूनच गाडी नेते आहे. तिच्यापुढं धुरकट काच, उचललेलं बॉनेट, आणि काचेच्या कडेनं दिसणारा सखाराम. उघड्या डोक्याचा, नखशिखांत भिजलेला, बॅटरीवर ओणवा. आपल्याला कुणी बघतंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

मॅडम पडद्याकडं वाकल्या.

"हे कोण?"

"माझे सासरे."

"किती वेळ उभे आहेत असे?"

"बंद पडल्यापासून, मॅडम."

"त्यांना म्हणावं, सोडा आता," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "काम तुमचंच. मी सोमवारी फोन करणार होते, पण सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? पहिल्या तारखेपासून सुरू करा."

रेणुका जीपमधून उतरली ती पायात चप्पल न घालता. पावसात सखारामसमोर येऊन उभी राहिली. चिमट्यावरच्या त्याच्या हाताकडं बघत राहिली.

"काय झालं? गेली का लाईट?" सखारामनं घाबरून चिमटा आणखी दाबला.

"सोडा, आबा."

"आगं, सोडलं तर बंद हुईल!"

"होऊ द्या. सोडा. काम मिळालं मला!"

त्याला ते पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा बोटं उघडेनात. रेणुकानं आपल्या हातांनी त्याची बोटं एकेक करून चिमट्यावरून सोडवली. लग्नात पाया पडली होती त्यानंतर तिचा हात त्याला असा कधी लागला नव्हता. तळव्यात चिमट्याच्या कडांचे वळ उठले होते. सखाराम ते वळ बघत हसायला लागला. हसता हसता त्यानं भिजल्या बाहीनं डोळे पुसले, आणि मग काय करावं ते न कळून मडगार्डवर दोन्ही हातांनी ढोलासारखी थाप मारली.

इंजिन अजून त्याच सुरात चालू होतं.

"रतनबाई, पाय काढा आता!" तो ओरडला.

"आदी सांगा, पास झाली का?"

"झाली! काम लागलं तिला!"

रतनबाईनं पाय काढला नाही. तिनं तो खालपर्यंत दाबला. जीप जागच्या जागी गरजली, शेडचा पत्रा थरथरला, आणि त्या आवाजात रतनबाई स्टिअरिंग धरून खदाखदा हसत राहिली, मालकाची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली तरी.